खोड आणि चौकट

दोन पट्ट्यांचे तिरके काप एकमेकांना जुळतात का ते बघायला तिने चौकट डोळ्यांसमोर धरली, एक डोळा मिटला, आणि चौकटीच्या पलीकडे खिडकीत तिला उजेड दिसला. खिडकीत उजेड असणारच. पण हा नको तिथे होता. समोरच्या बागेतल्या झाडाचं खोड आणि खिडकीची उजवी बाजू यांच्यामध्ये. फार नाही. एक दोरा उभा धरला असता तर झाकला गेला असता, एवढाच. तिने हातातली चौकट खाली ठेवली. मिटलेला डोळा उघडला. उजेड गेला नाही.

तिथे उजेड नसायचा. हे ती शपथेवर सांगू शकली असती, पण शपथ कुणापुढे घ्यायची? गेली कित्येक वर्षं ती याच टेबलाशी, याच जागी उभी राहून लोकांची चित्रं, फोटो, प्रमाणपत्रं चौकटीत बसवून देत होती. तिच्या पायांखाली फरशीचा रंग उडून दोन फिकट डाग पडले होते. त्या डागांवर पाय ठेवले आणि मान वर केली की झाडाच्या खोडाची कड खिडकीच्या लाकडाला अशी चिकटून असायची, जशी काच खाचेत बसते. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. बागेत झाड आधी, मग ही इमारत, मग ही खिडकी, मग तिची उंची. सगळं जुळून आलं होतं, आणि काम करून डोळे शिणले की ती त्या जुळलेल्या रेषेवर नजर टेकवायची. ती पाय हलवून पुन्हा डागांवर आली. बोटं टेबलाच्या कडेवर, नेहमीच्या जागी. हनुवटी नेहमीच्या उंचीवर; पण नेहमीची उंची म्हणजे किती, हे हनुवटीला कधी कुणी विचारलं नव्हतं. फट होती. फटीत आकाश होतं.

आधी तिने स्वतःवर संशय घेतला, कारण तो सगळ्यांत जवळचा. मागे एकदा अंथरुणातून उठताना खोली गर्रकन फिरली होती, आणि ती भिंत धरायला गेली तर भिंतच हात चुकवून गेली होती. कानातला तोल, डॉक्टर म्हणाले होते. गोळ्यांनी बरं वाटलं, पण तेव्हापासून भिंतीवर वाकडी तसबीर दिसली की ती थोडी थांबायची: तसबीर वाकडी की आपण? आता तिने काटकोन मोजायचा गुण्या घेतला आणि खिडकीच्या कोपऱ्याला लावला. बिनचूक. दोऱ्याला वजन बांधून ओळंबा केला, खिडकीच्या लाकडाशेजारी सोडला. तो थोडा झुलला, मग थांबला. लाकूड दोऱ्याशी इमान राखून होतं. म्हणजे खिडकी सरळ. मान सरळ. म्हणजे

तिने वाक्य तिथेच सोडलं, कारण खाली बाबा हसले.

झाडाच्या डाव्या अंगाला, बुंध्याला पाठ लावून ठेवलेल्या खुर्चीत ते बसले होते आणि हसत होते. त्यांचं हसू वरपर्यंत येत होतं. या आवाजाची तिला अजून सवय झाली नव्हती. आई गेल्यावर बाबांकडे एकच शब्द उरला होता, ‘हं’. चहा हवा का? हं. नको का? हं. पंखा लावू? हं. जन्मभर शाळेत खेळाचे मास्तर म्हणून मैदान दणाणून सोडलेला माणूस, आणि घरात नुसता हुंकार. उन्हाळ्यातल्या नळासारखा, कधी थेंब, कधी तोही नाही. मग बागखात्याने पाटी लावली की झाड धोकादायक आहे, ते तोडणार. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं: मागच्या बाजूला गाड्या लावायला जागा हवी होती आणि वाट झाडाखालून जात होती. इमारतीतल्या लोकांनी एक जाणकार आणला. त्याने झाडाभोवती फिरून, ठोकून, वाकून बघून सांगितलं, “तुम्हा सगळ्यांना पोचवेल आणि मग स्वतः जाईल.” तेव्हापासून पाळ्या लागल्या. झाडाखाली माणूस असेपर्यंत करवत चालवता येत नाही, म्हणून झाडाखाली कायम माणूस. आणि कुणीतरी म्हणालं, मास्तरांकडे शिट्टी असेल ना? बाबांनी कपाटातून शिट्टी काढली, रुमालाने पुसली, गळ्यात घातली, आणि त्या दिवशी संध्याकाळी जेवताना आपणहून म्हणाले, “भाजी चांगली झालीय गं.” ती उठून स्वयंपाकघरात गेली होती, पाणी आणायला म्हणून.

या मोहिमेच्या सेनापती तळमजल्यावरच्या काकू. त्या दातांच्या डॉक्टर, सगळे त्यांना दातकाकू म्हणत, तोंडावरसुद्धा. “यांच्यासमोर हसायची चोरी,” बाबा म्हणायचे, “हसलं की दात मोजतात.” त्यावर काकू म्हणायच्या, “मोजायला उरलेत किती, मास्तर?” काकूंचा एक नियम होता: पाळीला रिकाम्या हाताने यायचं नाही. प्रत्येकाने येताना बादलीभर पाणी आणायचं, बुंध्याशी ओतायचं, मग बसायचं. झाडाला कळलं पाहिजे आपण आहोत ते. लोकांना नियम फार आवडला. नुसतं बसण्यात माणसाला काही केल्यासारखं वाटत नाही. बादली उचलली की हाताला दुखतं आणि मनाला बरं वाटतं. सकाळची पाळी बादली, दुपारची बादली, संध्याकाळची बादली. ज्यांची पाळी नसे तेही जाता जाता ओतत. बाबा तर दोन हातांत दोन.

ती खिडकीतून बघत होती. दुपारच्या पाळीचा कुणीतरी आला, बादली ओतली. पाणी पसरलं, पण मुरलं नाही. डाव्या अंगाला, बाबांच्या खुर्चीभोवती, जिथे ऊन कधी पोचत नसे, ते चमकत उभं राहिलं. बाबांनी पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले आणि काहीतरी विनोद केला.

आणि तिला कळलं. डोक्याला नाही, तळव्यांना. आपण चिखलात उभं असताना पायांचे अंगठे जसे आपोआप माती धरू बघतात, तसे तिचे अंगठे फरशीवर वळले. या झाडाने इतकी वर्षं कुणाकडे थेंब मागितला नव्हता. कोरड्या, घट्ट जमिनीत मुळं रोवून ते उभं होतं, आणि आपण प्रेमाने त्याच्या पायाखालची जमीन सरबरीत करून ठेवली. अति तिथे माती म्हणतात, इथे तीही उरली नव्हती. बागखातं खोटं बोललं होतं. ते खोटंच होतं, जाणकाराने सांगितलं होतं. पण आता ते खोटं हळूहळू, बादली-बादलीने खरं होत चाललं होतं. आणि त्याला खरं करणारे आपण होतो.

तिने काकूंना वर बोलावलं. काकू धापा टाकत आल्या, टेबलावरच्या काचा बघून म्हणाल्या, “अगं, इथे शिंक आली तर काय करतेस?” तिने त्यांना डागांवर उभं केलं. “खोडाची कड बघा. आणि हे लाकूड. मध्ये फट दिसते?”

काकूंनी पाहिलं. काकू तिच्या खांद्याला लागायच्या. “मला तर खोडच लाकडाच्या मागे गेलेलं दिसतंय.”

“टाचा उंच करा.”

काकूंनी टाचा उंच केल्या. डावीकडे डोललं डोकं, उजवीकडे डोललं. “आता दिसते. आता नाही. आता पुन्हा दिसते. हा काय खेळ आहे?”

“झाड कललंय, काकू.”

काकू टाचांवरून खाली आल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडायला सांगण्याआधी पेशंटकडे बघतात तसं. “तुझ्या त्या कानाचं काय म्हणाले डॉक्टर?”

“कानाचा संबंध नाही. खाली बघा, पाणी साठतंय. आपण पाणी घालून घालून...”

“पाणी घालून झाड मरतं? हे नवीनच.” मग आवाज उतरवून, “हे बघ, मी तुला लहानपणापासून ओळखते. पण हे दुसऱ्या कुणापाशी बोलू नकोस. हेच तर ते म्हणतायत. शब्दन्‌शब्द हेच. लोक म्हणतील, बागखात्याची कामं मिळतात हिला.”

मागे एकदा तिने बागखात्याच्या पुष्पप्रदर्शनाची प्रशस्तिपत्रं चौकटीत बसवून दिली होती.   काकू दाराशी गेल्या, मग वळल्या आणि म्हणाल्या, “आणि मास्तरांचं काय होईल, त्याचा विचार केलास?”

केला होता. तोच तर करत होती. झाड गेलं तर खुर्ची गेली, शिट्टी गेली, आणि घरात परत तो हुंकार. झाड राहिलं तर बाबा त्याच्या खाली, ज्या अंगाला कलतंय नेमके त्याच अंगाला. दोन्हीकडून बाबाच जाणार होते, फक्त जायची तऱ्हा वेगळी होती. बागखात्याला फोन करावा? ते आनंदाने येतील, करवत घेऊन, आणि सांगतील की तुमच्याच माणसाने बोलावलं. न करावा? तिने टेबलावरच्या काचेचा तुकडा उचलला, त्याची धार अंगठ्याने चाचपली, ठेवला. एखादं चित्र कागदावर वाकडं छापलेलं असतं, गिऱ्हाईकाला ते दिसत नाही, तिला दिसतं. अशा वेळी काय करायचं हे तिला माहीत होतं: चौकट किंचित फिरवायची, कुणाला कळू न देता, म्हणजे चित्र सरळ वाटतं. इथे काय फिरवायचं? इमारत?

संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं. जिन्यातच, ते वर येत असताना, कारण घरात बसून सांगायचा धीर नव्हता. बाबा कठडा धरून ऐकत राहिले. त्यांच्या चपलांना चिखल होता. ती पाण्याबद्दल बोलली, फटीबद्दल बोलली, खुर्ची निदान उजव्या अंगाला हलवा म्हणाली. बाबांच्या चेहऱ्यावर दिवसभराचं हसू अजून थोडं उरलेलं होतं. ते तिच्यादेखत उतरत गेलं.

“उजव्या अंगाला ऊन असतं,” ते म्हणाले.

“मग छत्री देते.”

“काकू म्हणत होत्या, तुला परत चक्कर येते.”

“येत नाही.”

“तेव्हाही तू म्हणायचीस भिंत हलली.”

“बाबा, एकदा वर येऊन बघा तरी. तुमची-माझी उंची सारखी आहे.”

ते वर आले. डागांवर उभे राहिले. उजेड उतरला होता, खोड काळं, लाकूड काळं, मधली फट राखाडी. त्यांनी बराच वेळ पाहिलं. “फट आहे,” ते म्हणाले.

तिचा श्वास सुटला.

“पण ती कालही असेल. मी इथे कधी उभा राहिलोय?”

 फट दाखवता येत होती. फट नसणं कुणाला दाखवणार? ते फक्त तिच्या डोळ्यांत होतं, इतक्या वर्षांचं, आणि डोळे काढून कुणाच्या हातावर ठेवता येत नाहीत. जेवताना तिने विचारलं, आमटी वाढू? बाबा म्हणाले, “हं.” तिने वाढली. भात? “हं.” चमचा ताटाला लागल्याचा आवाज. नळाचा आवाज. ती आमटीकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, झाड घरातही आहे, इथे, दोन ताटांच्या मध्ये, आणि तेही कलतंय.

पुढचे दिवस ती काम करत नव्हती, काम करत असल्यासारखी उभी होती. दोरा. मग जाड दोरा. मग पेन्सिलीचं टोक. वारा नसताना. मध्येच एखादा दिवस फट तेवढीच राहायची आणि तिला स्वतःची शरम वाटायची. मग वाढायची आणि तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची शरम वाटायची. पाळीला ती जायची, बादली न घेता. लोक तिच्या रिकाम्या हातांकडे बघायचे. एकजण म्हणाला, “काय ताई, झाडाला उपास घडवताय का?” सगळे हसले, बाबासुद्धा, पण तिच्याकडे न बघता. बुंध्याला हात लावून ती उभी राहायची. साल खडबडीत, ओलसर, गार. आत काही ऐकू येत नव्हतं. इतकं मोठं काही इतकं गप्प राहू शकतं याचा तिला राग यायचा. मग ती उजव्या अंगाला उन्हात एकटी उभी राहायची आणि डाव्या अंगाला, सावलीत, चिखलात फळ्या टाकून त्यांवर खुर्च्या मांडून बसलेले, एकमेकांना चहा ओतणारे लोक बघायची. तिला ते सगळे फार आवडायचे. तिला त्यांना हाताला धरून ओढावंसं वाटायचं.

याच दिवसांत तिला मैदान आठवायला लागलं. सामन्याच्या आदल्या दिवशी बाबा शाळेच्या मैदानावर फक्की मारायचे. चुन्याचा डबा, खाली भोक, आणि मागे मागे चालत जायचं. मैदानाच्या या टोकाला ते तिला उभं करायचे, तेव्हा ती जेमतेम त्यांच्या कंबरेएवढी. “तू माझा डोळा,” म्हणायचे. ती एक डोळा मिटून ओरडायची, डावीकडे, बाबा, अजून, थोडं उजवीकडे, चला, चला. ते मान खाली घालून, डब्याकडे बघत, मागे मागे जायचे. एकदाही मान वर करून खात्री करून घेतली नाही. आणि डावं-उजवं कुणाचं, यावरून पहिल्याच दिवशी घोटाळा झाला होता, कारण ते तिच्याकडे तोंड करून चालायचे. रेष मुरडली, ती रडायला लागली. तेव्हा ते म्हणाले होते, मैदानावर डावं-उजवं तुझं. माझं मी घरी ठेवून येतो. रेष संपली की पलीकडच्या टोकाला डबा ठेवून, कंबर धरून ते पहिल्यांदा मान वर करायचे आणि एवढ्या लांबून विचारायचे, “सरळ?” आणि ती ओरडायची, “सरळ!” तिचं सगळं आयुष्य त्यानंतर कुणी ना कुणी तिला हेच विचारत होतं. पण तिच्या शब्दावर डोळे मिटून मागे मागे चालत कुणी गेलं नव्हतं.

शिट्टी झाली तेव्हा ती काचेला फडकं मारत होती. लांब, न तुटणारी शिट्टी. खिडकीत आली तर बागेच्या फाटकाशी बागखात्याची गाडी, हेल्मेट घातलेली माणसं, आणि हातात भोंगा घेतलेला साहेब. इमारतीची दारं धडाधड उघडत होती. लोक धावत होते, कुणी पायांत एकच चप्पल, कुणाच्या गालाला साबण. काही जण सवयीने बादल्या घेऊन. आले, बादल्या ओतल्या, आणि हातात हात घालून झाडाभोवती कडं केलं, पाठी बुंध्याला, तोंडं बाहेर. बाबा डाव्या अंगाला, खिडकीकडे तोंड करून, गळ्यात शिट्टी. त्यांच्या उजव्या हातात काकूंचा हात.

तिचे पाय डागांवर गेले.

बोट.

आता फटीत आख्खं बोट मावलं असतं. बागेपलीकडच्या इमारतीची भिंत दिसत होती, भिंतीवरचा पाइप दिसत होता, जो तिने आजवर कधी पाहिला नव्हता. आणि ती बघत असतानाच पाइपाच्या शेजारची वीट दिसली. लोक बुंध्याला रेलून घोषणा देत होते. खाली जायला वेळ नव्हता. तिने खिडकी उघडली, छातीत हवा भरली, आणि ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबाचा भोंगा खरखरला: “झाड धोकादायक आहे! झाड पडू शकतं! कृपया बाजूला व्हा!”

लोक हसले. कुणीतरी शीळ घातली. कडं आणखी घट्ट झालं.

तिचं तोंड उघडंच राहिलं. तिला जे ओरडायचं होतं ते सगळं त्या माणसाने आधीच ओरडून टाकलं होतं. झाड, पडणार, बाजूला. तिचा एकही शब्द आता तिचा नव्हता. खरं तिच्याकडे होतं आणि शब्द त्याच्याकडे. तिने भाषेत हात घालून शोधलं, ड्रॉवरमध्ये खिळा शोधावा तसं, आणि तळाशी हाताला लागलं ते ओरडली.

“उजवीकडे, बाबा!”

आवाज तिचा नव्हता. पातळ होता, ताणलेला, मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा.

बाबांनी वर पाहिलं नाही. तिला वाटलं, ऐकलंच नाही. मग तिने पाहिलं की त्यांची मान खाली गेली आहे. नजर पायांशी, जणू तिथे चुन्याचा डबा आहे.

“उजवीकडे! अजून!”

बाबांनी डाव्या हातातला हात सोडला. कडं तिथे तुटलं. त्यांनी पाऊल उचललं, स्वतःच्या डावीकडे.

“अहो मास्तर!” काकू ओरडल्या, हात ओढत. “काय करताय? आणि उजवीकडे म्हणतेय ना ती!”

“ते तिचं उजवं आहे,” बाबा म्हणाले, आणि काकूंचा हात न सोडता चालू लागले.

काकूंमागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा. कड्यातल्या माणसांची हात न सोडायची सवय इतकी पक्की झाली होती की आता तीच सवय त्यांना एकेकाला झाडापासून सोलून काढत होती. कुणी शिव्या देत होतं, कुणी विचारत होतं की हा नवीन डाव आहे का, कुणाचा पाय चिखलात रुतून चप्पल तिथेच राहिली. “चला,” ती ओरडत होती, “चला, थोडं डावीकडे, बाकाला वळसा, हं, आता सरळ, अजून, बाबा, अजून.” ते मान खाली घालून चालत होते. साहेबाचा भोंगा बंद पडला होता. हेल्मेटवाल्या दोघांनी मोकळं झालेलं झाड बघितलं आणि ते करवत उचलून पुढे आले. “तुम्ही नाही!” ती त्यांच्यावर इतक्या जोरात किंचाळली की ते जागच्या जागी थांबले, एक पाय चिखलात, एक बाहेर.

तेव्हा ऐकू आलं. सगळ्यांना. जमिनीच्या खालून, ओला जाड कपडा दोघांनी धरून फाडावा तसा आवाज. लांबला, थांबला. डाव्या अंगाची खुर्ची आपोआप थोडी तिरकी झाली, जणू तिच्यावरून कुणीतरी उठलं. पानं हलली, वारा नव्हता. फटीतून आता समोरच्या इमारतीची एक पूर्ण खिडकी दिसत होती आणि त्या खिडकीत उभी असलेली, तोंडावर हात धरलेली एक बाई.

झाड पडलं नाही. अजून नाही. ते तसंच थांबलं, काहीतरी विसरल्यासारखं, पुढे झुकून. हेल्मेटवालेही मागे सरकले होते; त्याच्या खाली कुणी नव्हतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नव्हतं. काकू फाटकाशी उभ्या होत्या, हातात दुसऱ्या कुणाचीतरी रिकामी बादली, आणि तिच्या तळाकडे बघत होत्या. साहेब खाली बघत होता. कुणीही जिंकल्यासारखं दिसत नव्हतं.

बागेच्या त्या टोकाला, उन्हात, बाबा थांबले. त्यांच्यामागे चिखलाच्या पावलांची एक लांब रेष आली होती, बाकाला वळसा घालून. त्यांनी काकूंच्या हातातून सुटलेला आपला हात कंबरेवर ठेवला. मग मान वर केली. झाडाकडे नाही. खिडकीकडे. एवढ्या लांबून त्यांचा चेहरा तिला दिसत नव्हता, नुसती शिट्टी चकाकत होती.

“सरळ?” त्यांनी विचारलं.

तिने खोडाकडे पाहिलं नाही. डागांवरून पाय उचलले, खिडकीतून जमेल तेवढी बाहेर वाकली.

“सरळ, बाबा.”